घरी पहिली सुरी बनवायची आहे, पोलादाची पट्टी कुठली घ्यावी?

अनघड
नमस्कार मंडळी. घरच्या घरी एक सुरी बनवायची फार दिवसांची इच्छा आहे. साधीच, १० सेंटीमीटरच्या आसपास पातं, रोजच्या वापराची. हत्यारं म्हणाल तर हॅकसॉ, दोन-तीन कानशी, बेंच व्हाइस, हँड ड्रिल आणि पॉलिश पेपर. बेल्ट ग्राइंडर नाही. भट्टीच्या विटा आणि गॅस टॉर्च आणू शकतो. गाडी अडलीये ती पोलादावर. शोधायला गेलं की १०७५, १०८४, १०९५, ओ१, डी२, ५१६०, ४४०सी, शिवाय "हाय कार्बन", "सर्जिकल स्टील", "दमास्कस" असं सगळं एकदम अंगावर येतं आणि जो तो आपलंच भारी म्हणतो. काही जण पात्याच्या आकारात कापलेले ब्लँक विकतात, काही नुसती सपाट पट्टी. नवशिक्याने यातलं काय उचलावं? नुसतं नाव सांगू नका, कारण पण सांगा प्लीज.

भट्टीवाला
डोळे झाकून १०८४ घे.

आता कारण. पोलाद निवडताना सगळे बघतात की धार किती दिवस टिकेल. पहिल्या सुरीला तो प्रश्नच नाही, पहिल्या सुरीला प्रश्न हा की आपल्याकडे जो जाळ आहे त्यात हे पोलाद नीट कडक होईल का. टॉर्च आणि दोन विटांमध्ये तू तापमान डोळ्याने धरणार, पातं एकाच तापमानावर १०-१५ मिनिटं स्थिर ठेवणं तिथे जमत नाही, आणि १०८४ ला त्याची गरजही नाही. पातं चुंबकाला चिकटायचं थांबलं की लाल रंगाची एक छटा अजून वर न्यायची, म्हणजे साधारण ८०० ते ८१५ अंश सेल्सिअस, पातं सगळीकडे एकसारखं लाल झालं की ५०-६० अंशाला गरम केलेल्या कनोला तेलात टोक खाली धरून सरळ बुडवायचं. मग लगेच २०० अंशावर दोन-दोन तासांचं टेंपर (म्हणजे कडक झालेलं पातं पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं), दोनदा. बास. इतक्या साध्या सामानात इतकं चांगलं पातं देणारं दुसरं पोलाद माझ्या माहितीत नाही.

रानभैरी
विकत कशाला घ्यायचं पण? गाडीचा जुना कमानपाटा आण भंगारातून. लोहार पिढ्यानपिढ्या त्यातूनच पाती काढतायत आणि ती पाती आयुष्यभर चालतात. जुनी कानस पण उत्तम. पोलाद हे पोलाद असतं, हात बसला पाहिजे.

धातुवेडी
रानभैरी, लोहाराचं उदाहरण बरोबर आहे पण तो लोहार त्याच जातीचे पाटे वर्षानुवर्षं तापवतोय, त्याच्या डोळ्यात ते तापमान बसलेलं आहे. अनघडकडे ते नाही. त्याच्या हातात अनोळखी पोलाद दिलं आणि पातं मऊ राहिलं तर चूक कशात झाली हे त्याला कळणारच नाही. जाळ कमी पडला? तेल हळू होतं? का मुळात त्यात कार्बनच नव्हता? ओळखीचं पोलाद घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच, काही बिनसलं तर तीनातली एक शंका आधीच मिटलेली असते.

कमानपाट्याचं पोलाद वाईट अजिबात नाही. बरेचदा ते ५१६० किंवा त्याच्या जवळपासचं असतं, ०.६ टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम, अतिशय चिवट, मोठ्या तोडायच्या हत्याराला छानच. पण वापरलेल्या पाट्यात वर्षानुवर्षं दाब खाऊन बारीक तडे पडलेले असू शकतात, वरून दिसत नाहीत, तेलात बुडवल्यावर उघडतात. शिवाय तो वाकडा, जाड आणि आधीच कडक केलेला. मऊ करा, सरळ करा, मग ६-७ मिलिमीटरवरून कानशीने ३ वर आणा. हे काम ऐरण असलेल्या माणसाचं आहे.

जुन्या कानशीचंही तेच. चांगली जुनी कानस १ टक्क्याच्या वर कार्बनची असते, पण काही कानशी फक्त वरच्या थरात कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड. घासत गेलात की कडक थर संपला, धार येणार ती मऊ लोखंडाची.

आता नंबरांचं. १०८४ मधले १० म्हणजे साधं कार्बन पोलाद, ८४ म्हणजे साधारण ०.८४ टक्के कार्बन. १०७५ मध्ये ०.७५, १०९५ मध्ये ०.९५. लोकांना वाटतं कार्बन जास्त म्हणजे पोलाद जास्त चांगलं. तसं नाहीये. ०.७७ टक्क्याच्या आसपास असा बिंदू आहे की तिथे सगळा कार्बन कमी तापमानाला आणि झटपट लोखंडात विरघळतो. १०८४ त्याला अगदी लागून आहे, म्हणून ते माफ करतं. १०९५ मध्ये कार्बन त्याहून जास्त, तो किती विरघळवायचा आणि किती कार्बाइड (कार्बनचे कडक बारीक कण) म्हणून शिल्लक ठेवायचा हे तापमान आणि वेळ दोन्ही सांभाळून ठरवावं लागतं. त्यात १०९५ मध्ये मँगनीज कमी, ०.३ ते ०.५ टक्के. १०८४ मध्ये ०.६ ते ०.९. मँगनीज कमी म्हणजे पोलादाला थंड व्हायला मिळणारा वेळ कमी, १०९५ ला ८०० वरून ५४० अंशाच्या खाली एका सेकंदाच्या आसपास आणावं लागतं. कनोला त्याला बरेचदा पुरत नाही, मुद्दाम बनवलेलं फास्ट क्वेंच ऑइल, म्हणजे पातं झटकन थंड करणारं तेल लागतं. आणि पाण्यात बुडवलं तर तडा जायची भीती डोक्यावर.

अनघड
धातुवेडी ताई, खूप खूप आभार, कार्बन जास्त म्हणजे भारी हाच माझा समज होता आणि मी १०९५ च घेणार होतो. मग ओ१ आणि डी२ चं काय? टूल स्टील म्हणतात त्याला, व्हिडिओत सगळे डी२ डी२ करत असतात.

धातुवेडी
ओ१ सुंदर पोलाद आहे, धार छान धरतं, तेलात सावकाश थंड झालं तरी कडक होतं. पण ते ७९०-८१५ अंशाला १०-१५ मिनिटं तरी स्थिर ठेवायला हवं, नाहीतर त्यातला टंगस्टन-क्रोमियमचा पैसा वाया, पातं १०८४ इतकंच होतं किंवा त्याहून कमी. कंट्रोलर असलेली इलेक्ट्रिक भट्टी मिळाली की ओ१ कडे वळा.

डी२ मध्ये १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. त्याला १००० अंशाच्या वर न्यावं लागतं, तिथे धरून ठेवावं लागतं आणि तेवढ्या वेळात हवा लागून वरचा थर जळू नये म्हणून स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळावं लागतं. टॉर्चने हे होत नाही, कितीही प्रयत्न करा. एईबी-एल, ४४०सी वगैरे सगळी स्टेनलेस पोलादं याच रांगेतली. म्हणजे ही मऊ पट्टीच्या रूपात घरी आणू नका. आयती कडक केलेली मिळाली तर गोष्ट वेगळी.

सुतारमन
माझा रस लाकडात, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. आयता ब्लँक म्हणून जे मिळतं ते दोन प्रकारचं आहे आणि विकणारे बरेचदा स्पष्ट लिहीत नाहीत. एक, फक्त आकारात कापलेला, अजून मऊ, बेव्हल (धारेकडे पातळ होत जाणारे उतार) काढायचे, भोकं पाडायची, कडक करायचं सगळं तुम्हीच. दुसरा, बेव्हल काढून, कडक करून, टेंपर करून आलेला, त्याला फक्त मूठ बसवायची आणि शेवटची धार काढायची. दुसऱ्या प्रकाराला लोक "ही काय सुरी बनवणं झालं" म्हणतात, मला ते पटत नाही. मुठीच्या दोन्ही फळ्या टँगला (पात्याचा मुठीत जाणारा भाग) फट न ठेवता बसवणं, पिन सरळ जाणं, इपॉक्सी सगळीकडे पोचणं, मूठ हातात भरेल अशी घासणं, यात भरपूर शिकायला आहे आणि त्यासाठी भट्टी लागत नाही.

ऑर्डर करायच्या आधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्याच: पोलादाचा ग्रेड कोणता, कडक केलंय का आणि किती एचआरसी (कडकपणा मोजायचं माप), आणि टँगमधली भोकं किती मिलिमीटरची. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. कडक पात्यात साधं ड्रिल बिट नुसतं घसरतं आणि स्वतःच जळतं, कार्बाइडचं बिट लागतं. त्यापेक्षा भोकाच्या मापाच्या पिना आधीच मिळवलेल्या बऱ्या.

आणि ग्रेडच्या जागी "हाय कार्बन स्टेनलेस" किंवा "सर्जिकल" एवढंच लिहिलं असेल तर पुढे सरका. त्यावरून कुठलं पोलाद हे काहीही कळत नाही. मी एका ठिकाणाहून "हाय कार्बन, कडक केलेला" म्हणून ब्लँक मागवला होता, आल्यावर टँगच्या कडेवर कानस फिरवली तर भुगा पडायला लागला, पाठीवर फिरवली तरी तेच. टँग कधीकधी मुद्दाम मऊ ठेवतात, पण पातंच कानशीला इतकं सहज कापलं जात असेल तर ते कडक केलेलं नाही. परत पाठवला. ब्लँक आला की पहिलं काम हे करा, मूठ चिकटवल्यावर नाही. दुसरं, पाठ डोळ्यासमोर धरून बंदुकीची नळी बघतात तसं बघा, बाक लगेच दिसतो.

रानभैरी
अनोळखी पोलादाचा मुद्दा मान्य, नवीन माणसाला त्रास होईल. पण भंगारातलं अजिबातच नको हे काही पटत नाही. एक तुकडा कापून तापवून बुडवून बघायचा, कडक झाला तर पोलाद, नाही झाला तर लोखंड. इतकं सोपं आहे.

भट्टीवाला
रानभैरी, हे जे तू सांगितलंस ना ते विकतच्या पट्टीलाही करायलाच पाहिजे, एकदम मोलाची गोष्ट आहे. अनघड, पट्टी घेताना सुरीपेक्षा १०-१२ सेंटीमीटर लांब घे. त्यातून बोटभर लांबीचे दोन-तीन तुकडे काप. पात्याला हात लावायच्या आधी एक तुकडा तुझ्याच भट्टीत, तुझ्याच तेलात कडक कर. त्यावर कानस फिरव. कानस वरवर जराशी चावेल, कारण वरचा कार्बन जळालेला पातळ थर मऊ असतो, तो घासला गेला की खाली कानस घसरली पाहिजे आणि आवाजच बदलतो, खरखर जाऊन किणकिण येते.

मग तुकडा फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धर, डोळ्यावर चष्मा लाव, हातोडीने मोड. टेंपर न करता मोडायचा. मोडलेली कड उन्हात बघ. एकसारखी करडी, मंद, बारीक पोताची दिसली तर ताव बरोबर. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर तू फार तापवलंस, पोलादाचा कण वाढला, असं पातं धारेला तुटत राहणार. मग पुढचा तुकडा कमी तावाला कर. पूर्ण घासलेल्या पात्यावर हा धडा गिरवण्यापेक्षा तुकड्यावर गिरवलेला परवडतो.

तापवताना खोलीत उजेड कमी ठेव. भट्टीत हळूहळू तापवलंस तर एक क्षण असा येतो की लाल पात्यावरून काळसर सावली सरकत जाते. आधी पातळ धारेकडे, टोकाकडे, मग जाड पाठीकडे. ती सावली पूर्ण निघून गेली आणि पातं पुन्हा एकरंगी झालं की समजायचं आतला बदल पूर्ण झाला. एकदा ही सावली नजरेत बसली की चुंबक फक्त खात्रीपुरतं.

धातुवेडी
+१, आणि सावलीबद्दल लिहिलंत ते फार छान. तापमान वाढत असूनही ती जागा काळी का पडते, तर पोलादाची आतली रचना बदलताना उष्णता शोषली जाते म्हणून. चुंबकत्व जाणंही त्या बदलाशीच जोडलेलं आहे, १०८४ मध्ये ते साधारण ७३० ते ७७० अंशाच्या पट्ट्यात जातं, म्हणूनच चुंबक सुटलं की लगेच बुडवायचं नाही, अजून थोडं वर न्यायचं.

रानभैरी, तुमची परीक्षा कडक होतंय का एवढं सांगते, तडे आहेत का ते सांगत नाही. पण सरावाला भंगार जरूर वापरावं, घासायचा आणि तापवायचा हात त्यावरच बसतो. फक्त एक कृपा करा, जस्ताचा मुलामा असलेलं किंवा क्रोम चढवलेलं काहीही भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं, त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

अनघड
तुकडा मोडून बघायची कल्पना जबरदस्त आहे, हे कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. आता जाडीचं सांगा. मला ५ मिमी मजबूत वाटतेय. आणि दमास्कसचे ब्लँक दिसायला इतके सुंदर असतात, ते घ्यावेत का?

सुतारमन
५ नको रे बाबा. कानशीने ५ मिमीवर बेव्हल काढायला बसलास तर अर्ध्यात सोडून देशील, आणि संपवलंस तरी ती सुरी कापणार नाही, पाचरीसारखी फाडत जाईल. कापतं ते पातळ पातं. ३ मिमी घे, स्वयंपाकघरातली करायची असेल तर २ ते २.५. फार पातळ आणि लांब पातं तेलात वाकतं म्हणून पहिल्यांदाच २ मिमीच्या खाली जाऊ नकोस.

दमास्कस म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेलं नक्षीचं पोलाद, त्याला माझा एकच प्रश्न, आत काय आहे? १०८४ आणि १५एन२० चे थर असतील तर उत्तम, १५एन२० मध्ये २ टक्के निकेल असतं म्हणून ते ॲसिडमध्ये चमकतं आणि १०८४ काळं पडतं, आणि दोन्ही एकाच तापमानाला कडक होतात. पण विकणारा थरांची नावं सांगत नसेल तर नक्षी बघून घेऊ नये.

भट्टीवाला
जाडीला अनुमोदन. त्यात भर: कडक करायच्या आधी धार पूर्ण काढू नकोस, कडेला ०.८ ते १ मिमी जाडी सोड. धारेला कागदासारखं पातळ केलंस तर ती आधी जास्त तापते, तेलात लाटेसारखी वाकते किंवा तडकते. दोन्ही बाजूचे बेव्हल सारखे ठेव, एका बाजूला जास्त घासलेलं पातं त्या बाजूला हमखास बाक घेतं. भोकं आधीच पाडून घे. पट्टीवर छिन्नीने किंवा हॅकसॉने खोल ओरखडे राहू देऊ नकोस, तडा तिथूनच सुरू होतो, शेवटी पात्याच्या लांबीच्या दिशेने १२० च्या पेपरपर्यंत घास.

पट्टी हॉट रोल्ड (गरम असताना लाटलेली) आली तर वर काळी खपली असेल, ती कानशीचे दात खाते. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेव, सकाळी खपली पुसून निघते, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि लगेच कोरडी कर. आणि पट्टी ॲनील्ड, म्हणजे मऊ केलेली आहे ना हे विचारून घे, नाहीतर हॅकसॉची पानं जातील नुसती.

धातुवेडी
कोणी अजून सुरक्षेचं लिहिलं नाही म्हणून लिहिते, कृपया वाचाच. तेल धातूच्या उभ्या भांड्यात, झाकण हाताशी, भांडं कलंडणार नाही असं ठेवलेलं. प्लास्टिकची बादली अजिबात नको. पेटलं तर झाकण घाला, पाणी कधीही टाकू नका. पातं पूर्ण बुडवा, अर्धं बाहेर राहिलं की ज्वाळा तिथूनच उठते. वापरलेलं इंजिन ऑइल घेऊ नका, त्याचा धूर विषारी. पोलाद आणि लाकूड दोन्हीचा भुगा फुफ्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क पुरत नाही, फिल्टरवाला रेस्पिरेटर घ्या. ड्रिल चालू असताना हातमोजे घालू नका, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. ड्रिल करताना ब्लँक हाताने न धरता क्लॅम्पमध्ये धरा.

अनघड
सगळं वहीत उतरवून घेतलंय. १०८४, ॲनील्ड, ३ मिमी जाड, ३८ मिमी रुंद, ३०० मिमी लांब अशी पट्टी ठरवली, विकणाऱ्याकडे मिल सर्टिफिकेट पण आहे म्हणे. शेवटच्या दोन शंका. टेंपर घरच्या ओव्हनमध्ये होईल का, आणि बाक आलाच तर काय करायचं?

धातुवेडी
सर्टिफिकेट असेल तर त्यात कार्बन आणि मँगनीजचे आकडे बघा, कार्बन ०.८ च्या वर, मँगनीज ०.६ च्या वर असलं की निश्चिंत. ओव्हन चालेल, पण त्याच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओव्हन वरखाली होत राहतो, म्हणून पातं वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये खुपसून ठेवा, तापमान स्थिर राहतं. पातं गार झालं की त्याच दिवशी, खरं तर त्याच तासात टेंपरला लावा, न टेंपर केलेलं पातं नुसतं टेबलावरून पडलं तरी दोन तुकडे होऊ शकतात. २०० अंशाला साधारण ६० एचआरसी मिळेल, धार कडेला तुटतेय असं वाटलं तर २१५-२२० ला अजून एकदा करा. आणि टेंपरनंतर धार काढताना पातं उघड्या हाताने धरा, बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. निळा रंग आला म्हणजे ती जागा ३०० अंशाकडे पोचली, तिथला कडकपणा गेला.

भट्टीवाला
बाकाचं सांगतो. तेलातून काढल्यावर पहिले काही सेकंद पातं अजून गरम असतं तेव्हा जाड मोजे घालून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबता येतं. गार झाल्यावर मात्र हाताने वाकवायला जायचं नाही, मोडेल. तेव्हा काय करायचं, लोखंडाच्या सरळ जाड पट्टीवर पातं क्लॅम्प करायचं, बाकाच्या जागी खाली एक छोटी पाचर देऊन उलट दिशेला किंचित जास्त वाकवायचं आणि तसंच्या तसं दुसऱ्या टेंपरला ओव्हनमध्ये ठेवायचं. पहिल्या टेंपरनंतर करायचं हे, आधी नाही. पूर्ण गार झाल्यावरच क्लॅम्प सोडायचा. बाक राहिलाच तर पाचर थोडी जाड घेऊन तिसऱ्यांदा, तापमान तेच.

रानभैरी
अनघड, मोडलेल्या तुकड्याचा फोटो टाक इथे, कड जवळून दिसेल असा. कण मोठा आहे का बारीक ते सगळे मिळून बघू, मगच पातं भट्टीत घाल.